अर्धा-अर्धा किलो करत अंग कसं भरलं – माझा अनुभव (सोलापूर)

ओळखीतली बारीक पोरं सारखी विचारतात की वजन कसं वाढवलं, कुठला डबा घेतला, कुठलं इंजेक्शन घेतलं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतोय. सुरुवातीला माझं वजन 54 किलो होतं, उंची 5 फूट 8 इंच, शर्ट नुसता हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. राहायला पूर्व भागात, अशोक चौकाजवळ. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, शिफ्टभर उभं राहायचं काम. आज 67 किलो आहे आणि पोट तसंच आत आहे. याला दीड-दोन वर्षं गेली, हे आधीच सांगतो.

जिम आमची साधीच, घराजवळची, एसी वगैरे नाही. तिथं जे अण्णा शिकवतात त्यांनी पहिल्या दिवशीच छाती-बायसेप्सचं वेड डोक्यातनं काढलं. आठवड्यातनं तीन दिवस, तिन्ही दिवस सगळं अंग. स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका), बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन छातीवरनं रॉड ढकलायचा), वाकून रोइंग (रॉड पोटाकडं ओढायचा), मग पुढच्या दिवशी स्क्वॅट हलकं, खांद्याचं ओव्हरहेड प्रेस (उभं राहून रॉड डोक्यावर ढकलायचा), चिनअप (दांड्याला लटकून अंग वर ओढायचं), रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, कमरेतनं वाकून रॉड उचलायचा), असं आलटून पालटून. प्रत्येकाचे तीन सेट, मधे दोन-तीन मिनिटं बसायचं. पहिले काही आठवडे रॉडवरचं वजन भराभर वाढतं पण आरशात काहीच दिसत नाही, तेव्हा बरीच पोरं सोडून जातात. तेव्हा खरं तर नसा आणि मेंदू ती हालचाल शिकत असतात, स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला दोन-तीन महिने तरी लागतात. अण्णांनी हे समजावून सांगितलं होतं म्हणून मी टिकलो.

आता मुख्य गोष्ट. स्नायू वाढायचा तर त्याच्यावरचा ताण हळूहळू वाढत राहिला पाहिजे, सहा महिने तेच वजन तितक्याच वेळा उचललं तर शरीराला वाढायचं कारणच राहत नाही. पण आमच्या जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. स्क्वॅटला 60 वरनं 65 जमून जातं. खांद्याला 25 वरनं 30 म्हणजे सरळ वीस टक्के जास्त, तिथं गाडी अडली. 25 किलो तिन्ही सेटला आठ-आठ वेळा निघायचे आणि 30 ला तिसऱ्या वेळेलाच कंबर मागं वाकायची. अण्णा म्हणाले, "एवढी उडी मारू नको, खांदा जाईल." म्हटलं मग काय करू अण्णा, प्लेटच नाहीत. "अरे एमआयडीसीत कामाला आहेस ना, लेथवाल्याकडनं चकत्या पाडून घे की."

तेच केलं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी माप देतो: 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट, 12 सेंटीमीटर व्यासाची गोल चकती, मधे 28 मिलिमीटरचं भोक (साध्या जिमचा रॉड बहुतेक 28 चाच असतो, पण आधी मोजून घ्या आणि भोक किंचित मोकळं ठेवा). अशी एक चकती जवळपास बरोबर अर्धा किलो भरते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यावर टाकून बघितल्या, पाच-सात ग्रॅमचा फरक. कडेची बर (कापताना राहिलेली धार) नीट घासून घ्या नाहीतर बोट कापतं, वरनं ऑइलपेंटचा हात मारला की गंजत नाहीत. तीनच मिलिमीटरची केली तर पाव किलो. जाता जाता जिमचा सात फुटी रॉडपण काट्यावर ठेवला, दहा किलोच्या आसपास निघाला, तोपर्यंत प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगायचा.

त्या दिवसापासनं 25, 26, 27 असं सुरू झालं. वहीत तारीख, वजन, किती वेळा, एवढंच लिहायचं. तिन्ही सेटला आठ निघाले की पुढच्या वेळी एक किलो, नाही निघाले तर तेच वजन परत. प्रत्येक सेटला अजून एखाद-दोन निघाले असते इतकं शिल्लक ठेवायचं, दर वेळी मरेपर्यंत ओढायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटतं पण एवढ्यानं माझे खांदे भरले, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

खाण्याचं सांगतो. एका ठिकाणी मला मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरीचा) मोठा डबा गळ्यात मारायला बघत होते, मागचं लेबल वाचलं तर बहुतेक सगळं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासनं केलेली पावडर) आणि साखर, नाही घेतला. वजनाच्या दर किलोला साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे माझ्यासाठी शंभर-एक ग्रॅम. ते घरातच निघालं: चार अंड्यांतनं 24 ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोया चंक्समधनं 26, अर्धा लिटर दूध 16, वाटीभर डाळ किंवा मटकी 12, ज्वारीच्या तीन भाकरी वीसच्या आसपास, आणि आपल्या शेंगा (शेंगदाणे) मूठभर 12. शेंगाची चटणी दह्यात कालवून भाकरीबरोबर मी दोन्ही वेळा खातो. फक्त एक लक्षात ठेवा, शेंगात प्रोटीनपेक्षा तेल जास्त, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. बारीक माणसाला त्या लागतातच, जाड माणसानं मोजून खाव्यात. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घरी शेंगाच्या पोळ्या होतात, तेव्हा मी आठवडाभर जिममध्ये वजन कमी करून हलकंच मारतो आणि पोळ्या मनसोक्त खातो, सांधे मोकळे होतात आणि परत आल्यावर अंगात जोर जास्तच येतो.

मे महिना मात्र आपल्याकडं कठीण. पारा 42-43 ला गेला की संध्याकाळी पत्र्याच्या जिममध्ये उभं राहवत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला जायचो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत. उन्हाळ्यात भूक मरते तेव्हा दूध आणि ताकावर भर दिला, वजन निदान खाली तरी गेलं नाही.

इंजेक्शनबद्दल स्पष्टच लिहितो कारण पोरं वीस-बावीसची असतात. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, हृदयावर परिणाम होतो, मूल होण्यात अडचण येऊ शकते. मला जिममध्येच कुणीतरी विचारलं होतं, मी सरळ नाही म्हणालो. मी फक्त क्रिएटिन (स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पावडर) घेतो, साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम पाण्यातनं. सुरुवातीला किलोभर वजन पटकन वाढतं, ते स्नायूत धरलेलं पाणी असतं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि रक्त तपासणी करणार असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा की क्रिएटिन चालू आहे, कारण त्यानं क्रिएटिनिनचा (किडनी नीट चालते का हे बघायच्या तपासणीतला) आकडा थोडा वर दिसतो. माझा तसाच आला तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती, मग डॉक्टरांनीच तिला समोर बसवून समजावलं.