राम आत, कृष्ण हरी बाहेर

मी सोलापूर जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पावसाळा सुरू झाला की आमच्या कक्षात फुप्फुसांच्या जुन्या आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, रुग्ण वाढतात. त्यांतल्या कित्येक स्त्रियांनी आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नसतो. त्यांनी वर्षानुवर्षे चुलीपुढे बसून धूर घेतलेला असतो. आषाढी दशमीला दाखल झालेल्या ज्या आजींविषयी हे लिहीत आहे, त्यांचाही आजार हाच होता. एरवी त्या दिवशी त्या पंढरपुरात असायच्या. या वर्षी मात्र पावसात भिजून सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि सून त्यांना घेऊन आमच्याकडे आली.

आल्या तेव्हा त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन 86 टक्के होता आणि श्वासांची गती मिनिटाला 36, म्हणजे विश्रांतीच्या नेहमीच्या गतीच्या जवळपास दुप्पट. डॉक्टरांनी औषधाची वाफ आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन सुरू केले आणि ऑक्सिजन मोजून लावला. अशा रुग्णांत तो 88 ते 92च्या दरम्यानच ठेवायचा असतो, कारण गरजेपेक्षा जास्त दिल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. थोड्या वेळाने त्या जरा सावरल्या आणि छातीचा एक्स-रे काढायचे ठरले. तंत्रज्ञाने नेहमीच्या पद्धतीने सांगितले, “आजी, गळ्यातलं सगळं काढा.” मंगळसूत्र नव्हतेच, गळ्यात फक्त तुळशीची माळ होती.

आजींनी माळ मुठीत धरली आणि पाहता पाहता त्यांचा दम पुन्हा चढला. खांदे कानांपर्यंत आले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून त्या पुढे झुकल्या. “न्हाई... काढायची... न्हाई,” एवढे तीन शब्द बोलायला त्यांना तीन श्वास लागले. सून रडवेली होऊन मला म्हणाली, “ताई, आत्याबाई माळकरी आहेत. लग्नाच्या आधीपासून ती माळ उतरलेली नाही.”

या आजारात श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड असते. हवा बाहेर पडत असताना बारीक श्वासनलिका मिटतात आणि हवा आतच कोंडते. माणूस घाबरला की श्वास भरभर घेतो, त्यामुळे बाहेर सोडायला आणखी कमी वेळ मिळतो, आणखी हवा कोंडते, दम आणखी वाढतो आणि त्या दमाने भीती वाढते. हे चक्र औषधाने ढिले होते, पण औषधाला वेळ लागतो; तोवर रुग्णाच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे उच्छ्वास लांबवणे. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडला की श्वासनलिकांत आतून थोडा दाब राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस या चेतातंतूचे कामही वाढते आणि नाडी उतरू लागते.

हे शिकवताना आम्ही आकडे मोजतो: दोन आकड्यांत आत, चार आकड्यांत बाहेर. मी आजींसमोर बसून मोजू लागले, पण त्यांचे लक्ष आकड्यांत नव्हते, मुठीत होते. म्हणून आधी माळेचा प्रश्न सोडवला. माळेचा मागचा भाग सुनेने त्यांच्या अंबाड्याला गुंडाळला, तशी ती वर सरकून थेट हनुवटीखाली आली आणि छाती मोकळी झाली. तंत्रज्ञाने वाकून पाहिले आणि चालेल म्हणाला. फुप्फुसांवर मण्यांची सावली पडू नये, एवढीच त्याची गरज होती. माळ निघणार नाही हे कळल्यावर आजींची मूठ सुटली.

मग मी विचारले, “आजी, रोज काय म्हणता?” उत्तर सुनेने दिले, “राम कृष्ण हरी.” तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला, असे वारकरी ज्याविषयी सांगतात, तोच हा मंत्र. मी सुनेला शेजारी बसवले आणि मोठ्याने, संथ म्हणायला सांगितले. आजींनी तोंडाने काही बोलायचे नव्हते, मनात म्हणायचे होते: नाकाने आत घेताना ‘राम’, ओठांच्या चंबूतून सोडताना ‘कृष्ण हरी’. छंदाच्या हिशेबाने रामाच्या तीन मात्रा होतात आणि कृष्ण हरीच्या सहा, त्यामुळे आम्हाला हवे असलेले एकास दोनाचे प्रमाण त्या मंत्रात आयतेच होते.

पहिले काही श्वास तुटक गेले. मग आजींच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर ठेका धरू लागली, भजनात टाळ नसला की बायका धरतात तसा. खांदे उतरले. काही मिनिटांनी मी श्वास मोजले तर 24 भरले, ऑक्सिजन 90वर होता आणि एक्स-रे निर्विघ्न निघाला.

नामस्मरण आणि श्वास यांच्या नात्याचा अभ्यास झालेला आहे. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात 23 निरोगी व्यक्तींनी कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हटले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. ती माणसे निरोगी होती. दम लागलेल्या रुग्णाकडून सहाची अपेक्षा कोणी करू नये. पण जपाची लय शरीरापर्यंत पोहोचते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

तरीही त्या दिवशी जे घडले ते केवळ लयीने घडले, असे मला वाटत नाही. एकास दोनाची लय माझ्या आकड्यांतही होती. आजी दुसऱ्या दिवशी, एकादशीला, पूर्ण वाक्ये बोलू लागल्या तेव्हा मी त्यांना विचारले की त्या वेळी मनात काय होते. त्या म्हणाल्या, “जीव जातोय असंच वाटलं बघ. इठ्ठल काय डोळ्याम्होरं आला न्हाई. पर नाव संगं हुतं. एकलं न्हाई वाटलं.” दम लागलेल्या माणसाला मरणाइतकीच एकटे पडण्याची भीती वाटत असते, हे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे, आणि ती भीती घालवणारे यंत्र आमच्या कक्षात नाही.

यात दोन गोष्टींविषयी माझे मत ठाम आहे. पहिली म्हणजे क्रम: आधी ऑक्सिजन, वाफ आणि औषध, त्यांच्या जोडीने नाम. अंगारा लावून दोन दिवस घरी ठेवलेले रुग्ण आमच्याकडे निळ्या ओठांनी येतात, तेव्हा जीव तुटतो. दुसरी गोष्ट अशी की श्रद्धा रुग्णाची असावी, आपली नव्हे. शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम मावशी हे सगळे पाहत होत्या. त्यांनी मला बोलावून विचारले, तेव्हा मी एवढेच सांगितले की जे म्हणता तेच म्हणा, फक्त श्वास सोडताना दुप्पट वेळ घ्या. त्या बोटांच्या पेरांवर आपला जिक्र, म्हणजे अल्लाहचा नामजप, मोजत तसे करू लागल्या. आणि जो रुग्ण देव मानत नाही, त्याच्यासाठी आकडे आहेतच.

घरी जाताना आम्ही व्यायामाचा छापील कागद देतो. आजींच्या कागदावरचे आकडे खोडून मी मंत्र लिहिला आणि त्यांना वाचता येत नसल्याने सुनेकडून तो मोठ्याने वाचून घेतला. इन्हेलर कसा ओढायचा आणि नंतर चूळ का भरायची, तेही दोघींकडून करवून घेतले. सुनेचा एकच प्रश्न होता: घराला सात पायऱ्या आहेत, त्या कशा चढायच्या? श्वास सोडताना शरीराला श्रम करणे सोपे जाते, म्हणून मी सांगितले, “उभं राहून राम, आणि पाऊल उचलताना कृष्ण हरी.” आजींनी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर तीन पायऱ्या तशा चढून दाखवल्या, मग कठडा धरून थांबल्या आणि उरलेल्या चार घरी चढेन म्हणाल्या.