सूर्यनमस्कारांची वही: ३ वरून २४, बारा आठवडे

ही नोंद नमस्कार घालणाऱ्यांसाठी आहे. त्यातही मोठं आजारपण, गेलेली नोकरी किंवा घरातल्या माणसाचं जाणं यानंतर नव्याने चटई पसरणाऱ्यांसाठी. अशा काळात शरीराच्या आधी दिवस मोडतो. उठायची वेळ सरकते, आंघोळ दुपारवर जाते, जेवणाला धरबंध राहत नाही. म्हणून वहीत मुख्यतः दोन गोष्टी मोजल्या: सकाळी चटईवर पाय ठेवला का, आणि नमस्कार किती झाले. मान पहिल्या गोष्टीला.

पद्धत औंधची, दहा स्थितींची. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला आणि ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. त्याआधी ते स्वतः युजेन सँडो या जर्मन शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम करत. नमस्काराला साहित्य लागत नाही, माणूसभर जागा पुरते आणि घरातले सगळे मिळून तो घालू शकतात. हातात पैसा नसतानाच्या दिवसांत हे फार मोलाचं आहे.

दहा स्थिती अशा: हात जोडून सरळ उभं राहणं, खाली वाकून तळवे टेकणं, एक पाय मागे, दोन्ही पाय मागे नेऊन अंग फळीसारखं, साष्टांग, छाती वर उचलणं, कंबर वर नेऊन टाचा जमिनीकडे, मागे गेलेला पाय पुढे, दोन्ही पाय हातांजवळ, पुन्हा सरळ उभं. वाकताना रेचक (श्वास सोडणं), पाय मागे नेताना पूरक (श्वास घेणं), फळीत कुंभक (श्वास रोखणं), साष्टांगात रेचक, छाती वर नेताना पूरक, कंबर उचलताना रेचक, पाय पुढे घेताना पूरक, दोन्ही पाय जवळ आले की रेचक, उभं राहताना पूरक. पहिले दोन आठवडे श्वासाचा हिशेब ठेवू नका. क्रमही आठवायचा आणि श्वासही सांभाळायचा, अशाने छातीत श्वास कोंडतो आणि चक्कर येते. तोंड मिटून सहज श्वास चालू ठेवला तरी पुष्कळ.

आठवडा १ आणि २: रोज ३. हा आकडा मुद्दाम लहान आहे. एक नमस्कार सावकाश घातला तर २५ ते ३० सेकंद लागतात, म्हणजे सगळं मिळून सव्वा ते दीड मिनिट. रात्र जागून काढली असली, रडून डोळे सुजले असले, तरी इतकं होतं. मन लागल्यावर करू म्हटलं की महिने जातात. हालचाल आधी सुरू करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचं, हा क्रम नैराश्यावरच्या उपचारातही वापरला जातो. उपचाराच्या जागी मात्र नमस्कार नाहीत. झोप आणि भूक कित्येक दिवस उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

सवयीचा खुंटा घड्याळाला बांधू नका. ‘सकाळी सहाला’ असं ठरवलं की साडेसहाला जाग आली तर तो दिवस गेलाच. ‘दात घासून झाले की, चहाचं आधण ठेवायच्या आधी’ हा खुंटा पक्का, कारण दात रोज घासले जातात आणि चहा रोज लागतो. पोटही त्या वेळी रिकामं असतं, ते हवंच. चटई रात्रीच अंथरून ठेवायची. कपाटातून काढायची म्हटली तरी टाळायला तेवढं कारण पुरतं.

चटईबद्दल थोडं सविस्तर. गुळगुळीत लादीवर सुती सतरंजी सरकते, आणि ती बरोबर फळीच्या स्थितीत सरकते: तळवे पुढे, पाय मागे, कंबरेला हिसका. खाली रबरी चटई घाला, वर सतरंजी. मग खडूने दोन खुणा करा, हातांच्या दोन्ही अंगठ्यांची टोकं जिथे येतात तिथे, साधारण खांद्यांच्या रुंदीवर. औंधच्या पद्धतीत एकदा टेकलेले तळवे उठेपर्यंत हलत नाहीत. खूण नसली की तळवे प्रत्येक नमस्काराला बोटभर पुढे जातात. दहाव्या नमस्काराला फळी इतकी लांबते की पोट लोंबतं आणि ओझं कंबरेवर येतं. कंबर दुखते म्हणून नमस्कार सोडणाऱ्याने आधी तळव्यांची जागा तपासावी.

आठवडा ३ आणि ४: रोज ६. वहीतल्या ‘कुठे दुखलं’ या रकान्यात मनगट याच पंधरवड्यात येतं. सगळा भार तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर पडतो म्हणून ते दुखतं. बोटं फाकवायची, मधलं बोट सरळ पुढे, आणि अंगठा व तर्जनीच्या बुडाशी जमीन दाबायची. तर्जनीच्या बुडाखाली कागदाचा कपटा सरकवून पाहा: दुसऱ्याने ओढला आणि निघाला, तर भार मागे आहे. तरी दुखलं तर पंचाची घडी तळव्याच्या मागच्या भागाखाली घ्या, म्हणजे मनगटाचा कोन कमी होतो. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर संख्या ३ वर आणायची. यात कमीपणा काही नाही.

दुसरी अडचण साष्टांगाची. दंडाच्या मागच्या स्नायूंत ताकद नसते, मग अंग धपकन पडतं आणि हनुवटी आपटते. आधी गुडघे टेका, मग कोपरं बरगड्यांना चिकटवून छाती, शेवटी कपाळ. पोट आणि बैठक जमिनीला लागू द्यायची नाही. आठ अंगं म्हणजे कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे, दोन पाऊलं.

तिसरी: मागचा पाय हातांच्या मध्ये येतच नाही, वाटेत अडकतो. बहुतेकांचं हेच होतं, विशेषतः दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचं. आधी मागचा गुडघा टेका, त्याच बाजूच्या हाताने घोटा धरून पाऊल पुढे आणा. खाली वाकताना गुडघे वाकले तरी चालतात. ताठ ठेवायच्या हट्टापायी मांडीची मागची शीर धरते आणि आठवडा वाया जातो. एका नमस्काराला उजवा पाय मागे गेला तर पुढच्याला डावा.

आठवडा ५ ते ८: रोज १२. एक आवर्तन. आता नामं घ्या: मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. मोजायची वेगळी कटकट उरत नाही, कारण भास्कराला बारा भरतात. हे चार आठवडे आकडा वाढवायचा नाही. पाचव्या आठवड्यात १२ सहज होतात म्हणून लगेच २० वर जाणारे सातव्यात खांदा धरून बसतात: दम लवकर वाढतो, सांधे आणि स्नायूबंध मागून येतात. वाढवायचा नियम एवढाच, की सलग दोन आठवडे ‘कुठे दुखलं’ कोरा असला पाहिजे.

चुकलेल्या दिवसांविषयी. २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांची नवी सवय १२ आठवडे तपासली. कृती आपोआप घडू लागायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवस निघाला, आणि नोंदींवरून पुढे काढलेल्या अंदाजात माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. म्हणून चुकलेला दिवस वहीत कोरा ठेवा, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून २४ घालू नका. मात्र सलग दोन कोरे टाळा. वही उलटी चाळली तर कोरे दिवस बहुतेक रविवारी सापडतात. रविवारी चहा दुसरं कोणी करतं, अंथरुणावरच मिळतो, आणि खुंटाच निघतो. रविवारचा चहाही दात घासल्यावर, चटईवरून उठल्यावर. घरच्यांना तसं सांगून ठेवायचं.

आठवडा ९ ते १२: १८, मग २४. दुसऱ्या आवर्तनाआधी दोन मिनिटं शवासन. लागोपाठ वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर उभं राहण्याचा वेग अर्धा करा आणि उभ्या स्थितीत दोन श्वास जादा घ्या. उच्च रक्तदाब, हर्निया, मणक्याची चकती सरकणं, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं. यातल्या काहींमध्ये डोकं खाली नेणंच वर्ज्य असतं.

वहीचे रकाने, ज्यांना आखून घ्यायचे त्यांच्यासाठी: तारीख, चटईवर पाय (हो किंवा नाही), संख्या, कुठे दुखलं, रात्रीची झोप किती तास. वजन लिहू नका. ते पाण्याने आणि मिठाने रोज किलोभर वरखाली होतं, आणि खचलेल्या माणसाला एक वाईट आकडा दिवसभर पुरतो. झोपेचा रकाना मात्र ठेवाच. कित्येकदा संख्येच्या आधी तोच सुधारताना दिसतो.

तेराव्या आठवड्यात संख्या पुन्हा १२ वर आणायची, सात दिवस. दरम्यान अंगठ्यांच्या खुणा पुसून नव्याने काढायच्या. खांदे मोकळे झालेले असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली जागा आता जुळत नाही.