ट्रेनी म्हणून पगार कमी: फरक मिळवताना मला आलेला अनुभव

2019 मध्ये मी एका छापखान्यात बाइंडिंगला होते. दोन वर्षं झाली तरी हातात महिन्याला 6000 रुपयेच. विचारलं की मालक म्हणायचे, "तू ट्रेनी आहेस, तुला किमान वेतन लागू नाही." किमान वेतन आणि माझा पगार यांतला फरक मागणारा अर्ज कामगार कार्यालयासाठी एका संध्याकाळी लिहून झाला.

अडलं ते तिथल्या खिडकीवर. क्लार्कनी 'ट्रेनी' शब्द वाचला आणि कागद परत सरकवला. "शिकाऊ उमेदवारांना सूट असते." दुसऱ्यांदा गेले तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा म्हणाले, "तू कामगार असल्याचं मालकाचं पत्र आण." ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो असं पत्र देईल का? प्रत्येक खेपेला खाडा, खाड्याचा पगार कापलेला. आणि 1948 च्या किमान वेतन कायद्यात वेतन देय झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागायचा. म्हणजे मी महिनाभर हेलपाटे घातले की मागचा एक महिना हातचा जायचा. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, हे त्या खिडकीवर मला कुणीही सांगितलं नाही. आजही त्याचा राग येतो.

शेवटी आयटीआयमध्ये गेले. तिथल्या सरांनी दहा मिनिटांत समजावलं. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार म्हणजे ज्याचा करार रीतसर नोंदवलेला आहे तो. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं. नुसतं ट्रेनी म्हटल्याने सूट मिळत नाही. माझा तर करारच नव्हता! मी अर्जात एकच ओळ वाढवली: "माझा शिकाऊ उमेदवारीचा नोंदणीकृत करार असल्यास मालकांनी हजर करावा." चौथ्या खेपेला अर्ज घेतला गेला. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही, तुम्हीही सोडू नका.

मालकांकडे दाखवायला काहीच नव्हतं. सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला त्यांनी फरक भरला. कायद्यात फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद होती, पण मी तडजोड केली.

हो, हजेरीकार्डाचे फोटो दर महिन्याला काढून ठेवा, माझे तेच कामी आले. आणि "कमी पगार मला मान्य आहे" असं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर घाबरू नका, किमान वेतनाचा हक्क असा सोडून देता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1948 च्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली, तिच्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. माझं सुरुवातीचं दीड वर्ष मात्र बुडालं ते बुडालंच.