गाढवं पाळावीत म्हणतोय

दुपारी जेवून लॅपटॉप उघडला, मीटिंग सुरू झाली आणि खिडकीतून बघतो तर गल्लीतून गाढवांची रांग चाललीय. आमच्या मागचा वाडा पाडतायत, नारायण पेठेतला बोळ, डंपर काय शिरत नाही, मग राडारोडा गाढवांवर. त्यातली एक पांढरट गाढवीण मधेच थांबली ती थांबलीच. मागच्यानं ढकललं, आईबहीण काढली, ती कान मागे टाकून उभी. इकडे मॅनेजर टार्गेट सांगत होता आणि मी म्युटवर म्हणतोय, हलू नकोस बाई.

तर आता डोक्यात असं बसलंय की नोकरी सोडायची, मुळशीकडे जागा घ्यायची आणि गाढवं पाळायची. टूरिस्टांसाठी. हसा खुशाल. घोडा नको, घोड्याजवळ गेलं की गॅदरिंगमधल्या मावळ्यासारखी छाती काढावी लागते. गाढवाला मान खाजवलेली पुरते. आणि हट्टी हट्टी म्हणतात, पण घोडा घाबरला की उधळतो, गाढव घाबरलं की जागीच थांबून अंदाज घेतं. आमच्या ऑफिसात असं कोणी थांबलेलं मला तरी आठवत नाही.

आजोळ सासवडचं, त्यामुळे पौष पौर्णिमेचा जेजुरीचा गाढवांचा बाजार लहानपणी बघितलाय. कैकाडी, वैदू, बेलदार, कुंभार, कुठून कुठून माणसं यायची. गावठी गाढवं एकीकडे, गुजरातेतून आलेली उंच काठेवाडी दुसरीकडे, त्यांचा भाव वेगळा आणि त्यांच्या मालकांचा तोराही. एक म्हातारा अंगठ्यानं गाढवाचा वरचा ओठ वर करून दात बघत होता, दातांवरून वय, वयावरून पैसे, आणि ते गाढव डोळे अर्धवट मिटून उभं, पाठीवर भंडारा सांडलेला. मी हळूच नाकाला हात लावला. इतकं मऊ काही असतं हे मला माहीतच नव्हतं. आजोबा ओरडले, "मागं हो, चावंल!" ते काही चावलं नाही.

आता गाढवंच कमी झालीत. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास होती, 2019 ला सव्वा लाखाच्या आसपास. टेम्पो आले, भट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, शिवाय कातड्याची चोरटी तस्करी आहेच. आणि ज्या पुण्यावर मुरार जगदेवानं गाढवांचा नांगर फिरवला म्हणतात, त्याच पुण्यातली माणसं उद्या गाढवाशेजारी उभं राहायला तिकीट काढतील, वर चुलीवरचं पिठलं आहे का विचारतील. काढू देत. पाटी मात्र मी आधीच ठरवलीय: "गाढवास गाढव म्हणू नये. त्याचे नाव आहे."

वाचायला लागल्यावर मुळशी बाद झालं. हा मुळात कोरड्या मुलखातला प्राणी, याची लव घोड्यासारखी पाणी झटकत नाही, भिजलं की आतपर्यंत भिजतं, चिखलात खूर सडतात. मुळशीचा पाऊस म्हणजे त्याला शिक्षाच. मग पुरंदरच बरं. बरं, एकटं ठेवता येत नाही, झुरतं, म्हणजे कमीत कमी जोडी. दीड-दोन महिन्यांनी खूर कापायला माणूस हवा. जास्त हिरवं घातलं की सुटतं आणि मग पाय धरतात, म्हणजे आमच्या घरासारखंच, असं बायको म्हणाली.

ती कपडे वाळत घालत सगळं ऐकत होती. जागेचं कर्ज, माझं वय, शनिवार-रविवारची ट्रॅफिक, कशावरच काही बोलली नाही. शेवटी विचारलंन, "अरे, पण गाढव जगतं किती?"

म्हटलं, नीट सांभाळलं तर तीस वर्षं.

ती म्हणाली, "तू पन्नाशीला आलायस." आणि चिमटे शोधायला आत गेली.

पोरगी टोरांटोला. ती आमच्यासाठी तरी येईल का, हा विषय आम्ही दोघंही काढत नाही, आता त्यात गाढवं.

म्हातारी घेऊ मग. ज्यांचे दात बघून कोणी भाव करत नाही, तसली दोन.