तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही गिरगाव का सोडलं

लग्नात भेटा, लोकलमध्ये भेटा, शाळेच्या ग्रुपवर बोला, तोच प्रश्न. गिरगावातली खोली विकलीत कशाला, तुमच्यासारख्यांमुळेच मराठी माणूस तिथून संपला. मी दरवेळी "जागा पुरत नव्हती हो" म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो.

आम्हाला कुणी हाकललं नाही. बिल्डरने नाही, बाहेरून आलेल्यांनीही नाही. पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली १८० फुटांची खोली, त्यात आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, मी आणि बायको. १९४७च्या भाडे कायद्याने भाडं गोठलेलं म्हणून आम्ही इतकी वर्षं टिकलो हे खरं, आणि तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना म्हणून गॅलरीला टेकू लागले हेही खरं.

२००४चा जुलै. पुतणी दहावीला. मी सेकंड शिफ्ट करून साडेबाराला आलो, पावसाची झड गॅलरीत येत होती, कोरडी जागा एकच, जिन्याजवळची, बल्बखालची, तिथे ती पुस्तकं मांडून बसलेली आणि माझं अंथरूणही तिथेच पडायचं. म्हटलं ऊठ आता. म्हणाली, काका, उद्या चाचणी आहे, एकच धडा राहिलाय. मी काही न बोलता बल्ब बंद केला. ती पुस्तकं गोळा करून आत गेली, आजी उठेल म्हणून दार हळूच लोटलं. बस, एवढंच झालं. पण मला झोप लागली नाही, आणि सकाळी दादाला म्हटलं, विकूया.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आईला तर सगळं ठरल्यावर सांगितलं, त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. मालकाचा वाटा जाऊन उरलं त्याचे दोन भाग, दादा नालासोपाऱ्याला, मी डोंबिवलीला, आई सहा महिने इथे सहा महिने तिथे.

चाळीच्या गणपतीची वर्गणी मी गोळा करायचो, म्हणून दारं पाठ आहेत. ४८ खोल्या. आम्ही निघालो तेव्हा ३९ घरांतून पावती फाटायची, मागच्या गणपतीत २१. बाकीच्या खोल्या कुणी ना कुणी घेतल्यात, पण राहायला नाही, मालाची खोकी ठेवायला, नाहीतर पुनर्विकासाची वाट बघत नुसतं कुलूप. वस्ती बदलली म्हणता, मी तर ती आधी आटताना पाहिली. जनगणनेतही मुंबई शहर जिल्हा २००१ला ३३ लाखांच्या वर होता, २०११ला ३१ लाखांच्या आत आला, उपनगरं वाढली. त्या घटीत आमची सात माणसं आहेत.

नव्वदच्या दशकात शेजारच्या काकांनी खोली विकली तेव्हा मीच जिन्यात त्यांना म्हणालो होतो, पैशासाठी गिरगाव विकलंत. आता वाटतं त्यांच्याही घरात कुणीतरी बल्ब बंद केला असेल. पण तेव्हाचा मी अगदीच चूक होतो असंही म्हणवत नाही, एकेक घर गेलं तशी शाळेतली पोरं कमी झाली, आणि पोरं नाहीत म्हणून पुढची घरं गेली.

मागच्या वर्षी धीर करून पुतणीला त्या रात्रीचं विचारलं. म्हणाली, काका, मला आठवतच नाही. खरंच आठवत नाही की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कळलं नाही.