ओल कुठे, गळती कुठे

मालवाहू गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) पोटाखाली डिझेल ठिबकत होतं आणि फ्लायव्हील हाउसिंगचा (इंजिनामागचं, क्लच झाकणारं कवच) खालचा भाग धूळ बसून काळा, चिकट झाला होता. सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून (रेल) मोठ्या दाबाचं डिझेल मिळतं. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, वास जात नाही. आणि सकाळी सेल्फ फार मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही."

आधी दोन ठिकाणी हात लागलेला दिसत होता. डिझेल फिल्टर नवा होता, पण पट्ट्याच्या पान्ह्याने इतका कसलेला की सील एका बाजूने बाहेर फुगली होती. बँजो बोल्टांचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दबून कडेने पसरले होते. गळती सापडायच्या आत दिसेल तो नट आवळणं मला अजिबात पटत नाही. थेंब दोन दिवस थांबतो, खूण पुसली जाते, आणि चांगल्या जोडाचे आटे मात्र खराब होतात.

सगळ्यात आधी ऑइलची दांडी काढली. ऑइलची पातळी चढली नव्हती, बोटावर पातळपणा नव्हता, डिझेलचा वास नव्हता. म्हणजे इंजेक्टर किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल आतल्या आत ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत नव्हतं. गळती बाहेरच होती. थेंबाखाली मापाचा पेला ठेवून इंजिन आयडलवर १० मिनिटं चालवलं: साधारण १५ मि.ली. म्हणजे तासाला ९० मि.ली. आणि हे नुसत्या आयडलवर.

मग केबिन उचलली. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कप्लर प्लास्टिकने झाकले, डीग्रीझर मारून इंजिनची ती बाजू वरपासून खालपर्यंत धुतली आणि हवेने कोरडी केली. यातच पाऊण तास गेला, पण तो वाचवण्यात अर्थ नसतो. डिझेल पाइपच्या खालच्या अंगाने सरकत जातं आणि जिथे वाक येतो तिथे सुटतं. चालत्या गाडीत वारा ते आणखी मागे नेतो. ओल दिसते ती शेवटची जागा असते. उगम जवळजवळ नेहमी त्याच्या वर आणि पुढे सापडतो.

सकाळच्या तक्रारीमुळे हवेचा संशय होता. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर असते, तिथे चीर पडली तर थेंब येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालवलं. एकही बुडबुडा नाही. ओढीची बाजू निर्दोष ठरली. उरली पंपाच्या पुढची दाबाची लाइन, जास्तीचं डिझेल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन आणि हाय प्रेशर पाइप.

कोरड्या पाइपांवर टाल्कम पावडर भुरभुरवली. हाय प्रेशर पाइपांजवळ हात नेला नाही, पुठ्ठ्याची लांब पट्टी फिरवली. रेलमधला दाब १,६०० बारच्याही वर जाऊ शकतो. तिथली बारीक धार कातडीत सरळ शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तेवढ्यावरही ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं, थांबून बघायचं नसतं.

पुठ्ठा कोरडा राहिला. रेस १,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) धरल्यावर थोड्याच वेळात फीड पंपाकडून फिल्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपवर एक करडी रेघ उमटली. ती कुठल्याही जोडापासून निघत नव्हती. पाइपच्या मधोमध, एका क्लिपच्या आतून निघत होती, ठिबकायच्या जागेपासून दोन फूट पुढे.

इंजिन बंद करून दाब उतरू दिला आणि क्लिप सोडली. आतलं रबर झिजून गेलं होतं आणि पत्रा थेट पाइपवर घासत होता. पाइपवर गोल खाच पडली होती. चीर डोळ्यांना दिसेना, पण नख अडकत होतं. जागा पुसून हँड पंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा पंप) चार वेळा दाबला. खाचेत मोहरीएवढा चकचकीत थेंब उभा राहिला, फुगला आणि ओघळला.

दोन्ही तक्रारींचं उत्तर त्या खाचेत होतं. इंजिन चालू असताना दाब डिझेल बाहेर ढकलतो. रात्री दाब नसतो. तीच चीर हवा आत घेते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. सकाळी पंपाला आधी ती हवा ढकलावी लागते.

पण क्लिप का झिजली? त्याच पाइपला पुढे आणखी एक क्लिप असायला हवी होती. ब्रॅकेटचं भोक रिकामं होतं, बोल्ट कधीच पडला होता. सगळी थरथर एकट्या मागच्या क्लिपवर येत होती.

अशा पाइपला एम-सील लावू नये, डिझेलने माखलेल्या धातूवर ते धरत नाही. गॅस वेल्डिंगही नको: आत सुटणारी खपली पुढे पंप-इंजेक्टरकडे जाते, आणि तिथल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. त्याच पार्ट नंबरचा नवा पाइप, दोन बँजोंना मिळून ४ नवे वॉशर, रबरासह २ क्लिपा, आणि फिल्टरची फुगलेली सीलही नवी. उघडी तोंडं लगेच टोप्यांनी बंद केली. दोन्ही बँजो आधी हाताने लावले, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळले आणि क्लिपा सगळ्यात शेवटी. क्लिप आधी कसली तर पाइप ताणात बसतो आणि पुन्हा तडकतो.

एअर काढताना हँड पंप कडक होईपर्यंत मारला, फिल्टरवरच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल सोडलं. जुन्या इंजिनांसारखे इंजेक्टरचे नट ढिले करून एअर काढणं कॉमन रेलवर करायचं नसतं. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांच्या आत, मध्ये २ मिनिटांची विश्रांती. दुसऱ्या खेपेला इंजिन धरलं.

पुन्हा पावडर, १,५०० वर २० मिनिटं, मग माल भरलेल्या गाडीची फेरी. हाउसिंगच्या तपासणी भोकातून क्लच पाहिला, कोरडा होता. डिझेल लागून मऊ झालेला एक कूलंट होज बदलला. गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झालं, आणि क्लिपेखालची पावडर पांढरीच होती.