तुम्ही विचारलंत म्हणून : प्रेस नोटमधले गावाचे नाव

“जनसंपर्काच्या ऑफिसात इंटर्नला नेमके काय काम असते, आणि वाटले होते तसे ते निघाले का?” खानापूर-निपाणीकडून बेळगावात शिकायला येणारी मुले मला हा प्रश्न सतत विचारतात. ओझरत्या भेटीत मी “नाही निघाले” एवढेच सांगून सुटते. त्यावर कोणाचे समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका छोट्या जनसंपर्क संस्थेत मी तीन महिने इंटर्न होते. जनसंपर्क म्हणजे चारचौघांत सफाईने बोलणे, पत्रकार परिषदेत पाहुण्यांच्या शेजारी उभे राहणे आणि मुख्य म्हणजे उत्तम इंग्रजी, अशी माझी समजूत होती. त्या इंग्रजीसाठी मी महिनाभर आरशासमोर तयारीही केली होती. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी मला विचारले गेले, ते कन्नड वाचता येते का एवढेच. मराठी माध्यमात शिकत असताना कन्नड हा विषय पास होण्यापुरताच अभ्यासल्यामुळे मी अक्षर लावून लावून वाचत असे, आणि रोज सकाळी मराठी, कन्नड व इंग्रजी वर्तमानपत्रे चाळून ग्राहकांच्या बातम्यांची कात्रणे काढणे हेच माझे पहिले काम ठरले.

प्रेस नोट एकच असली तरी ती तीन भाषांत जात असे, आणि खरी मेख तिथेच होती. उद्यमबागेतल्या एका कारखानदाराच्या नव्या यंत्रशाळेची नोट मी मराठीत लिहिली आणि पहिल्याच वाक्यात सवयीने ‘बेळगाव’ लिहून मोकळी झाले. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेळगावी’ आहे; परवाने आणि सरकारी पत्रव्यवहार त्याच नावाने चालत असल्यामुळे मालकांना मराठी नोटमध्येही तेच हवे होते. इकडे मराठी वाचक ‘बेळगावी’ वाचताच कपाळाला आठ्या घालतो, आणि त्यांचे निम्मे कामगार मराठी वाचणारे. यावर अर्धा दिवस फोनाफोनी झाली. अखेर आमच्या वरिष्ठ बाईंनी ते नावच काढून टाकले आणि ‘उद्यमबाग येथील’ असे केले. उद्यमबाग दोन्ही भाषांत उद्यमबागच असते. एका शब्दासाठी इतका वेळ घालवायचा, याचे त्या दिवशी मला हसू आले होते; पुढे प्रत्येक नोट लिहिताना मी गावाच्या नावाआधी पेठेचे नाव शोधू लागले.

दिवस निवडणे हेही असेच एक अवघड प्रकरण होते. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे, बेळगाव महाराष्ट्रात नसल्याच्या निषेधाचा मराठी भाषकांचा काळा दिन. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन होते. या दोन्ही तारखा कार्यालयाच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लाल पेनाने काट मारून ठेवलेल्या होत्या. डिसेंबरात मात्र शहराबाहेर हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, बेंगळुरूचे पत्रकार आपल्याच शहरात मुक्कामाला येतात, तेव्हा ही संधी साधावी असे मी मोठ्या उत्साहाने सुचवले. बाईंनी मला समजावण्याऐवजी एक छोटी पत्रकार परिषद त्या आठवड्यात खरोखरच ठेवू दिली. सगळे वार्ताहर हलग्याला मंत्र्यांच्या मागे असल्यामुळे चाळीस खुर्च्यांपुढे तीन जण बसले, आणि मागवलेला कुंदा आम्ही पुढचे दोन दिवस ऑफिसात खाल्ला.

चुका माझ्याही पुष्कळ झाल्या. ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर मी फाइल न जोडता थेट ईमेलमध्ये चिकटवला, जुन्या धाटणीचा तो फॉन्ट पलीकडे उमटलाच नाही आणि उपसंपादकाला नुसती रोमन अक्षरे व चिन्हे दिसली. कोणत्या डेस्कला युनिकोड चालते आणि कोणाला जुना फॉन्ट लागतो, याची वही मी त्यानंतर केली. तीन महिन्यांतली माझी सर्वात उपयोगी निर्मिती म्हणजे ती वही, असे मला आजही प्रामाणिकपणे वाटते.

एका गोष्टीशी मात्र माझे शेवटपर्यंत जमले नाही. महिन्याच्या अखेरीस कात्रणांवर पट्टी ठेवून मोजायचे; बातमी दोन कॉलम रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असेल तर चोवीस कॉलम-सेंटिमीटर, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचे, आणि बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह म्हणून पुन्हा तिपटीने. येणारी रक्कम ‘मिळालेली प्रसिद्धी’ म्हणून ग्राहकाला कळवायची. जाहिरातीच्या दराने काढलेली ही किंमत म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे या व्यवसायातल्याच लोकांनी 2010 मध्ये बार्सिलोनात ठरवलेल्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. ते मी बाईंना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरोबर आहे, पण आपल्या मालकांना रुपये कळतात. तू पट्टी धर.”

मी पट्टी धरली. त्याच गठ्ठ्यात उद्यमबागेची बातमी होती. मराठी पत्राने माझी तीन वाक्ये जशीच्या तशी छापली होती आणि वर आपल्या रिवाजाप्रमाणे ‘प्रतिनिधी / बेळगाव’ असे घातले होते. कन्नड पत्राने त्याच जागी ‘बेळगावी’ छापले होते. वडिलांनी ते मराठी कात्रण खिशात घालून गल्लीत दाखवायला नेले, तेव्हा शेजारच्या काकांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “बातमी छान आहे, पण हिचे नाव कुठे आहे यात?” वडिलांनी थोडा विचार केला आणि ‘प्रतिनिधी’ या शब्दावर बोट ठेवले.